बार्बर म्युझियम, बर्मिंगहॅम: तीन तासांत उरकू नका

मी ३१ वर्षं फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात काढली. काम कास्टिंग, म्हणजे ओतून काढलेले भाग, तपासायचं. ब्लोहोल (हवेचं भोक) आहे का, श्रिंकेज (थिजताना आकसून पडलेली पोकळी) आहे का, कोल्ड शट (रस नीट न जुळलेली रेघ) आहे का, माल पास की रिजेक्ट. त्यामुळे इंजिन समोर आलं की टाकीचा रंग आणि क्रोम मला नंतर दिसतं, आधी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं ओतीव कवच, दिसते. वाळूच्या साच्यातून निघालीय की धातूच्या डायमधून, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) कुठून गेलीय, फेटलिंग (कडा घासून साफ) करणाऱ्याने ग्राइंडर जपून फिरवलाय की उरकलंय, हे बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अशा माणसाने मोटारसायकलींच्या म्युझियमबद्दल लिहावं का, असा प्रश्न मलाही पडला होता. पण या जागेबद्दल मराठीत जे थोडंफार वाचलं त्यात "खूप गाड्या आहेत, फोटो छान येतात" याच्या पुढे काही सापडलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहराच्या पूर्वेला बार्बर व्हिंटेज मोटरस्पोर्ट्स म्युझियम आहे. माझा भाचा अटलांटाला असतो. तिथून आय-२० हा हायवे धरला की सव्वादोन-अडीच तासांत पोचता येतं, आणि बर्मिंगहॅम शहरात शिरायचीही गरज पडत नाही. एक गोष्ट निघतानाच लक्षात ठेवा: जॉर्जिया ओलांडून अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. जाताना एक तास पदरात पडतो, येताना तो परत द्यावा लागतो. आम्ही पहिल्या दिवशी हा हिशोब उलटा धरला आणि बंद व्हायच्या वेळेच्या जेमतेम तीन तास आधी आत शिरलो. मग तिथेच जवळ मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच परत गेलो. तो निर्णय योग्य होता.

आधी म्युझियमची हकिकत. जॉर्ज बार्बर यांचा घरचा व्यवसाय डेअरीचा. साठच्या दशकात ते स्वतः पोर्श गाड्यांच्या शर्यती मारत. १९८८च्या सुमारास त्यांनी जुन्या मोटारी जमवायला सुरुवात केली, पण मोटारींचे मोठे संग्रह आधीच अनेकांकडे होते. एका जुन्या मित्राने मोटारसायकलींचं सुचवलं, आणि तिथून दिशा बदलली. १९९५मध्ये म्युझियम लोकांसाठी उघडलं, २००३मध्ये ते आताच्या जागेत आलं. २०१४मध्ये गिनीजने इथे १,३९८ मोटारसायकली मोजून जगातला सर्वांत मोठा संग्रह म्हणून नोंद केली. संग्रह त्यानंतरही वाढतोच आहे. शिवाय लोटस या ब्रिटिश कंपनीच्या रेसिंग मोटारींचा इथला संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांमध्ये गणला जातो.

इमारतीला लागूनच खरा रेस ट्रॅक आहे. २.३८ मैलांचा, म्हणजे पावणेचार किलोमीटरच्या आसपास, हिरव्यागार चढउतारावर पसरलेला. २०१० पासून इथे इंडीकार या अमेरिकन मोटार-शर्यतींच्या मालिकेतली शर्यत होते. म्युझियमच्या काचेतून ट्रॅक दिसतो. आम्ही गेलो त्या दिवशी कुणाचा तरी सराव चालू होता. आत १९३०च्या एखाद्या गाडीसमोर उभं असताना बाहेरून इंजिनाचा चढता आवाज यायचा, आणि आत शांत उभी असलेली गाडी कशासाठी बनली होती ते कानाला आपोआप कळायचं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा मान वर जाते. पाच मजले, मधोमध पोकळी, काचेची लिफ्ट, आणि भोवतीने चढत जाणारा गोल रॅम्प. त्या पोकळीत मोटारसायकली एकावर एक अशा उंच मांडल्यात, फळं लगडलेल्या झाडासारख्या. लोक खाली उभे राहून फोटो काढतात आणि वरच्या गाड्या राहूनच जातात. तसं करू नका. लिफ्टने थेट वर जा आणि रॅम्पने चालत उतरा. खालून ज्या गाडीचा फक्त तळ दिसतो तीच गाडी दोन वळणं उतरल्यावर डोळ्यांच्या रेषेत येते, आणि तळ बघायलाही परत खाली जाता येतं. क्रँककेस खालून बघायला मिळणं हे माझ्यासाठी तर मेजवानीच होती. ड्रेन प्लगच्या (तेल काढायच्या बुचाच्या) डोक्याला आडवं भोक पाडून त्यातून तार ओवलेली दिसली की समजायचं, ही गाडी शर्यतीची आहे. प्लग थरथरीने सुटून ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून ती तार. एवढी एक खूण भाच्याला दाखवली. मग त्याला खेळच मिळाला. पाटी न वाचता रेसची कोणती, रस्त्यावरची कोणती हे तो ओळखायला लागला.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका देशात असंच एक म्युझियम पाहिलं होतं. नाव लिहीत नाही. तिथे प्रत्येक गाडी नवीपेक्षा नवी केलेली. ॲल्युमिनियमची क्रँककेस बफ मारून आरशासारखी चमकवलेली, त्यावर लॅकर. ज्या कास्टिंगवर मूळ कारखान्याने कधी पॉलिश केलंच नव्हतं, त्याची वाळूची कातडी पार खरवडून टाकलेली. मला तिथे खरोखर वाईट वाटलं होतं. ती कातडी म्हणजे कास्टिंगची जन्मखूण असते. वाळू बारीक होती की जाड, साचा कुठे जुळला, कुठल्या कोपऱ्यात धातू उशिरा पोचला, सगळं तिथे लिहिलेलं असतं. बार्बरमध्ये ती खूण बऱ्याच गाड्यांवर शाबूत आहे. जी गाडी कारखान्यातून खरखरीत आली ती इथे खरखरीत दिसते. काही गाड्या तर सापडल्या तशाच, उडालेल्या रंगासकट ठेवल्यात. आणि बहुतेक गाड्या थोड्या तयारीने सुरू होतील अशा स्थितीत सांभाळल्यात. हा फरक सगळ्यांना चटकन जाणवेल असं नाही, पण मी या जागेला जे मनापासून पैकीच्या पैकी मार्क देते त्याचं मुख्य कारण हेच आहे.

आता गाड्यांकडे वळते. सगळ्यांबद्दल लिहिणं शक्य नाही. ज्यांच्यासमोर मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले त्यांच्याबद्दलच लिहिते.

होंडा सीबी ७५०. १९६९ची ही गाडी: ७३६ सीसी, चार सिलिंडर, ६७ हॉर्सपॉवर, बटणाने सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक. तोवर हे सगळं एकत्र सामान्य गिऱ्हाइकाला मिळत नव्हतं. या गाडीच्या पहिल्या सुमारे ७,४०० नगांना शौकीन मंडळी 'सँडकास्ट', म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेल्या, म्हणतात आणि त्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. पण मुळात त्यांच्या क्रँककेस वाळूच्या साच्यातल्या नाहीतच! त्या धातूच्या कायमस्वरूपी साच्यात, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने वितळलेल्या धातूचा रस ओतून काढलेल्या. अशा साच्याला आतून लेप देतात. रस लवकर थिजू नये आणि साच्याला चिकटू नये म्हणून. त्या लेपाचा खरखरीतपणा कास्टिंगवर उतरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं वाळू. होंडाला एवढी मोठी गाडी खपेल याची खात्री नव्हती, म्हणून प्रेशर डाय कास्टिंगच्या (दाबाने रस भरायच्या) महागड्या डायमध्ये आधी पैसा घातला नाही. मागणी धो-धो आली, डाय बनल्या, आणि पुढच्या केस गुळगुळीत निघू लागल्या. म्हणजे ज्या खरखरीतपणाला आज सोन्याचा भाव आहे तो एका कारखान्याच्या सावध हिशोबातून आलेला. ही गोष्ट मी भाच्याला तिथेच उभी राहून सांगितली. शेजारी एक आजोबा उभे होते, त्यांना मराठी कळायचं काही कारण नव्हतं, पण माझं बोट कुठे फिरतंय ते बघून त्यांनी खाली वाकून स्वतः बघितलं आणि मान डोलावली.

त्यानंतर व्हिन्सेंट ही ब्रिटिश गाडी. ब्लॅक शॅडो, १९४८. ९९८ सीसीचं व्ही-ट्विन (व्हीच्या आकारात दोन सिलिंडर), ताशी १२५ मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर. त्या काळी रस्त्यावर याहून वेगाने जाणारं फारसं काही नव्हतं. इतर कंपन्या इंजिन चमकवत होत्या तेव्हा यांनी ते काळं केलं, भट्टीत भाजून पक्कं केलेला काळा रंग. याच वर्षी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मीठपठारावर रोली फ्री नावाचा माणूस पोहण्याची चड्डी घालून व्हिन्सेंटवर आडवा पडला आणि ताशी १५०.३१३ मैलांचा वेग गाठून गेला. तो फोटो अनेकांनी पाहिलेला असतो. या इंजिनाच्या जन्माची गोष्टही सांगण्यासारखी आहे. फिल आयर्विंग या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरच्या टेबलावर एक-सिलिंडर इंजिनाच्या ड्रॉइंगचे दोन ट्रेसिंग कागद होते. एकावर एक ठेवले आणि तिरके झाले, तर व्हीचा आकार आयता दिसला. त्यातून १९३६ची पहिली रॅपिड आली. बाहेरून इतके तेलाचे पाइप की तिला 'प्लंबरचं दुःस्वप्न' म्हणत.

पण मी तिथे थांबले ते नंतरच्या, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या व्हिन्सेंटसमोर. तिला नेहमीची पाळण्यासारखी फ्रेमच नाही. वर एक पेटी, तीच तेलाची टाकी. पुढचं चाक धरणारा फोर्क त्या पेटीला आणि पेटी इंजिनाला. मागचं चाक धरणारा हात थेट इंजिनाच्या मागच्या भागाला. म्हणजे रस्त्याचा प्रत्येक दणका कास्टिंगमधून जातो. ज्याने कधी क्रँककेस तपासल्यात त्याला यातला धाक कळेल. साधी क्रँककेस म्हणजे तेलाचा डबा आणि बेअरिंगचं घर. एखादं बारीक ब्लोहोल निघालं तर तेल झिरपेल, माणूस मरत नाही. पण त्याच केसवर चाक टांगलं की ती केस हाड होते, आणि हाडात ब्लोहोल चालत नाही.

या एका विचाराने मला मग अख्खं म्युझियम बघायची वाट मिळाली. कास्टिंग डबा कुठे आहे आणि हाड कुठे झालंय. तुम्हीही असा एखादा धागा हातात धरून फिरा, मग तो ब्रेकचा असो, नाही तर टाकीच्या आकाराचा. शेकडो गाड्या एकामागून एक बघताना डोकं सुन्न होतं. धागा असला की होत नाही.

धागा धरून लोटसच्या मोटारींकडे गेले. भाचा तिथे आधीच पोचला होता.

"मावशी, याच्यात माणूस बसायचा की झोपायचा?"

झोपायचाच जवळजवळ. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा सगळा हट्ट वजन कमी करण्याचा, आणि हवेला कमी अडायचं तर चालकाला आडवं करा. या गाड्यांजवळ उभं राहिलं की त्या किती लहान आहेत ते बघून पोटात गोळा येतो. दोन्ही बाजूंना पेट्रोल, मध्ये माणूस, आणि भोवती पत्र्याची जेमतेम जाडी. १९६७च्या लोटस ४९ मध्ये चॅपमननी मागची चौकट काढूनच टाकली. चालकाच्या पाठीमागे कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन चार बोल्टनी जोडलं, आणि गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन, मागची चाकं सगळी त्या इंजिनाला. नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कने ती जिंकून दाखवली. व्हिन्सेंटने दोन चाकांवर जे केलं होतं तेच चारवर, आता ४०० हॉर्सपॉवरच्या घरात.

जुन्या लोटसची चाकं तर मी किती वेळ बघत बसले. त्यांना आरे नाहीत. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची एकसंध ओतलेली तबकडी, आणि ती सपाट नाही, लाटांसारखी वरखाली होत गोल फिरलेली. सपाट पातळ पत्रा सहज वाकतो, नागमोडी केला तर ताठ राहतो. घरावरचा पन्हळी पत्रा आठवा. पण ओतकाम करणाऱ्याला यात आणखी एक सुख दिसतं: कुठेही तीक्ष्ण कोपरा नाही, जाडी कुठे एकदम बदलत नाही. कोपऱ्यात धातू उशिरा थिजतो, तिथेच श्रिंकेज येतं, तिथूनच तडा जातो. हे चाक काढणाऱ्याने धातूचं मन ओळखूनच रेषा मारलीय. मॅग्नेशियम ओतणं हे वेगळंच धाडस. वितळलेला रस हवा लागली की पेट घेतो, साच्यातल्या ओल्या वाळूशीही भिडतो. म्हणून वाळूत गंधक आणि बोरिक ॲसिड मिसळतात. आणि जुनं मॅग्नेशियम आतून खंगत जातं, म्हणून अशा चाकांवर आज कुणी गाडी पळवणार असेल तर आधी तडे तपासायला लागतात. समोर दिसणारं सुंदर चाक हे असं नाजूक म्हातारं चाक आहे, हे माहीत असलं की वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

ओतीव चाकं मोटारसायकलींना सत्तरच्या दशकात आली असा माझाही समज होता. तो बोमरलंडने मोडला. चेकोस्लोवाकियात आल्बिन लीबिश या माणसाने १९२०च्या दशकात बनवायला घेतलेली ही गाडी. ५९८ सीसीचं एकच सिलिंडर, तिघं बसतील एवढी लांबलचक, रंग भडक लाल-पिवळा, पेट्रोलच्या टाक्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना. आणि त्या काळात ॲल्युमिनियमची ओतीव चाकं! सगळे तिच्या लांबीचा फोटो काढतात. मी गुडघे टेकून चाकाचे फोटो काढले. गुडघे टेकायला कुणी हरकत घेतली नाही. हात मात्र लावायचा नाही, हे सांगायला नकोच.

आणि आता जिच्यासाठी मी दोन वेळा गेले ती गाडी. ब्रिटन व्ही१०००.

जॉन ब्रिटन हा न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा माणूस. घराशेजारच्या वर्कशॉपमध्ये मोजक्या मित्रांना घेऊन त्याने १९९१च्या सुमारास ही गाडी उभी केली. निळी-गुलाबी. एकूण दहाच बनल्या. मोठ्या कंपन्यांच्या फॅक्टरी रेसरशी ती बरोबरी करत होती: १६०च्या वर हॉर्सपॉवर, वजन १४० किलोच्या आत. फ्रेम नाही, इंजिनच पाठीचा कणा. पुढचा फोर्क कार्बन फायबरचा, चाकं कार्बन फायबरची, तीही तिथेच हाताने घडवलेली. रेडिएटर पुढे नाहीच, सीटखाली. पुढून गाडी इतकी निमुळती की ती यंत्रापेक्षा प्राण्यासारखी वाटते.

हे सगळं वाचून माहीत होतं. तिथे जाऊन बघायचं होतं ते इंजिन. कारण ब्रिटनने इंजिनाची कास्टिंगसुद्धा स्वतः काढली. पॅटर्न स्वतःचे, साचे स्वतःचे, रस स्वतः ओतलेला. त्याच्या बायकोची मातीची भांडी भाजायची भट्टी होती, ती त्याने कास्टिंगच्या हीट ट्रीटमेंटसाठी (तापवून ताकद आणण्यासाठी) वापरली. मी ३१ वर्षं ज्या भट्ट्यांशेजारी वावरले त्यांना पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र) होते, चार्ट रेकॉर्डर होते, लॅबची माणसं होती. ॲल्युमिनियमच्या हीट ट्रीटमेंटमध्ये तापमान दहा-पंधरा अंशांनी चुकलं तरी कडा वितळू लागतात किंवा ताकद येत नाही. आणि हा माणूस भांड्यांच्या भट्टीत क्रँककेस भाजतो, जी क्रँककेस नुसता डबा नाही, जिच्यावर सगळी गाडी टांगलीय, आणि ती घेऊन अमेरिकेतल्या डेटोनाच्या ट्रॅकवर ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो.

१९९२मध्ये डेटोनाला ब्रिटन पुढे असताना थांबली, पण दगा दिला तो विजेच्या एका लहानशा भागाने. कास्टिंगने नाही. १९९४मध्ये तिथे ती जिंकली. १९९५मध्ये जॉन ब्रिटन कर्करोगाने गेला, वय ४५.

इंजिनाचा जेवढा भाग फेअरिंगमधून (बाहेरच्या कवचातून) दिसतो तेवढा मी टॉर्च न लावता, नुसत्या तिथल्या उजेडात बघितला. एका ठिकाणी पार्टिंग लाइन अगदी अंधुक राहिलीय. कुणीतरी कानशीने हाताने घासलंय, एका दिशेने, धीराने. मशीनने घासलं की रेघा सारख्या अंतराने येतात, हाताने घासलं की दर दोन-चार फटक्यांनी मनगट जरा फिरतं आणि रेघांचा गुच्छ तिरका होतो. तिथे तो गुच्छ तिरका झालेला दिसतो. दोन बोटं मावतील एवढीच जागा. मी खूप वेळ तिथे उभी होते. भाचा एकदा येऊन गेला, काही बोलला नाही, पाण्याची बाटली हातात देऊन परत गेला.

फेरारी १५८ बद्दल न लिहिता सोडलं तर भाचा रागवेल. जॉन सर्टीझने १९६४ मध्ये फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद ज्या गाडीने मिळवलं ती ही. दीड लिटरचं व्ही-८ इंजिन, कारण तेव्हा नियमच दीड लिटरचा होता. शेवटची शर्यत मेक्सिकोला, आणि सर्टीझचे ४० गुण, ग्रॅहॅम हिलचे ३९. एका गुणाचा फरक. त्याआधी एमव्ही ऑगस्टा या इटालियन मोटारसायकलींवर सर्टीझने मोटारसायकलची सात जगज्जेतेपदं मिळवली होती. दोन चाकांवर आणि चार चाकांवर, दोन्हीकडे जगज्जेता झालेला तो आजपर्यंतचा एकमेव माणूस. मोटारसायकल आणि रेसिंग मोटार एकाच छताखाली का, याचं याहून चांगलं उत्तर नाही. एमव्ही ऑगस्टाच्या लाल-चंदेरी गाड्या बघून तिथे या, दोन्ही नजरेत राहतील असं बघा.

स्कूटर, लष्करी गाड्या, साइडकार, इवल्या मोपेड या सगळ्यांचा भरणा आहे, पण मी तिथून लवकर सरकले. ज्यांना आवड आहे त्यांना अर्धा दिवस पुरणार नाही. डुकाटींसमोर मात्र थांबा. डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ तालिओनी यांच्या डेस्मो पद्धतीत व्हॉल्व्ह (इंजिनाची झडप) बंद करायला स्प्रिंगवर भरवसा नाही ठेवलेला, उघडायला एक रॉकर (ढकलणारी दांडी) आणि मिटायला दुसरा. १९७२मध्ये इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाजारी दुसरा आला तो याच जोरावर.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सपाट तळव्याचे, मऊ बूट घाला, कारण रॅम्पचं अंतर दिसतं त्यापेक्षा जास्त आहे. गुडघ्याचा त्रास असेल तर लिफ्ट प्रत्येक मजल्याला थांबते. स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढता येतात. ट्रॅकवर मोठी शर्यत असेल त्या दिवसांत गर्दी वेगळी असते, तेव्हा तारखा आधी बघून घ्या. दर ऑक्टोबरमध्ये व्हिंटेज फेस्टिव्हल असतो, तेव्हा जुन्या गाड्या खरोखर ट्रॅकवर उतरतात. लहान मुलं बरोबर असतील तर ट्रॅकच्या परिसरातला अवाढव्य लोखंडी कोळी त्यांना जरूर दाखवा.

आणि एक सकाळ बर्मिंगहॅम शहरासाठी ठेवा. हे शहर १८७१मध्ये वसलं ते लोखंडामुळेच. खनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही एकमेकांच्या जवळ सापडली. स्लॉस फर्नेसेस १८८२ ते १९७१ चालू होत्या, आता त्या जशाच्या तशा जपल्यात. टेकडीवर व्हल्कन उभा आहे, लोहारांचा रोमन देव, ५६ फूट उंच, बिडाचा, १९०४मध्ये ओतलेला. बिडाचा याहून मोठा पुतळा जगात नाही. त्याच्या पोटात मध्यंतरी कुणीतरी काँक्रीट भरलं होतं. बीड आणि काँक्रीट उन्हाने वेगवेगळं फुगतं, म्हणून पुतळ्याला तडे गेले. मग १९९९मध्ये उतरवून, काँक्रीट काढून, तुकडे दुरुस्त करून २००३ साली तो परत उभा केला. ज्या शहराने ही चूक आणि ही दुरुस्ती केली त्याच शहरात हे म्युझियम आहे, हे मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा अर्धा तास राहिला होता. आम्ही सर्वांत खालच्या मजल्यावर गेलो. तिथे दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि ते काचेतून बघता येतं. लेथ, मिलिंग मशीन, नीट लावलेली हत्यारं. एका बाकावर निळ्या कापडावर क्रँककेसचा अर्धा भाग पालथा ठेवला होता. एक वयस्कर कारागीर हातातलं काम आवरत होता. मी काचेला जवळजवळ नाक लावून त्या केसकडे बघत होते, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने केस उचलली, आतली बाजू माझ्याकडे केली आणि दिव्याखाली जरा तिरकी धरली. आतून ती मुळीच घासलेली नव्हती. वाळूचा कण न् कण दिसत होता. बेअरिंगच्या घराशेजारी एक जुना वेल्ड होता, त्यावर त्याने बोट ठेवलं. मी काचेच्या बाहेरून त्याच्या जरा वर बोट ठेवलं, जिथे वेल्डच्या टोकापासून एक केसाएवढी रेघ पुढे गेल्यासारखी वाटत होती. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, केस डोळ्यांजवळ नेली, आणि खिशातला खडू काढून तिथे गोल केला.